दोनशे त्रेचाळीस सायकलस्वार आणि एक बाइंडर

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाइंडर राहतो. अख्खी इमारत त्याला काटकोन म्हणते आणि ही पदवी मीच बहाल केलेली आहे. त्याच्या चपला दाराबाहेर भिंतीशी बरोबर नव्वद अंशांत असतात. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला, की बोलता बोलता काउंटरवरचा कागदांचा गठ्ठा उचलतो, खालून ठोकतो, बाजूने ठोकतो, कडा जुळल्या का ते बोटाने बघतो आणि मगच परत ठेवतो. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाच्या हातातलाच गठ्ठा असा काढून घेतला. त्या बिचाऱ्याला वाटलं, जप्ती आली.

दुकान जिन्याच्या तोंडाशी आहे, त्यामुळे कोण किती वाजता गेलं आणि कसलं तोंड करून परत आलं, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. काटकोनाच्या ज्या भानगडीबद्दल मी सांगणार आहे, तिचा निम्मा गुंता माझ्याच काउंटरवर झाला आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही. वाचताना तुम्हाला सुटला तर कृपा करून मलाही सांगा.

सोळाव्या वर्षी तो बाइंडिंगच्या कारखान्यात खळ ढवळायला लागला. आज बावन्नाव्या वर्षी तो तिथला सगळ्यात जुना माणूस आहे. कचेऱ्यांची रजिस्टरं, वाचनालयातली पाठ मोडलेली पुस्तकं, विद्यार्थ्यांचे उशीएवढे प्रबंध, सगळं तो शिवतो, चिकटवतो, दाबाखाली ठेवतो, कापतो. उजव्या अंगठ्याचं नख खळीने कायमचं पिवळट झालंय. एकदा शिवलेलं उसवायचं म्हटलं की त्याच्या पोटात कळ येते.

अकरा वर्षांपूर्वी कारखाना मोठ्या चौकापलीकडे, गोदामांच्या भागात गेला. बसने जायचं तर दोन बस, सव्वा तास, आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत याचा चेहरा खळीच्या रंगाचा. म्हणून त्याने काळी, भरभक्कम सायकल घेतली. जाताना बावीस मिनिटं, येताना सव्वीस, कारण येताना चढ. सायकलने आला की शीळ घालत जिना चढायचा. कधी बसने यावं लागलं तर दुसऱ्या पायरीवर डोकं धरून बसायचा आणि मी त्याला पाणी आणून द्यायचो. एवढं सांगितलं की सायकल त्याची कोण लागते ते वेगळं सांगायला नको.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, दातांच्या दवाखान्यात काम करते. डॉक्टरांच्या हातात एकेक हत्यार देते. समोरच्याने तोंड उघडलं की आत काय सडलंय ते तिला लगेच दिसतं, त्यामुळे मी तिच्यापुढे जरा बेतानेच बोलतो. मला ती भावजी म्हणते, पण ज्या सुरात म्हणते त्या सुरात लोक मांजराला हाकलतात.

तर यंदा काटकोन तिसऱ्यांदा पडला. तिन्ही वेळा मोठ्या चौकातच. तो चौक म्हणजे चार रस्ते एकमेकांच्या अंगावर आलेले, आणि ते कमी पडले म्हणून गोदामांकडून येणारा पाचवा. ट्रक वळताना पुढची चाकं एकीकडे जातात आणि मागची वेगळ्याच विचारात असतात. सायकल रस्त्याने नेली तर ट्रकवाले ओरडतात, फुटपाथवरून नेली तर पायी चालणारे. या खेपेला दोन बरगड्या दुखावल्या आणि कोटाची बाही खांद्यापासून सुटली. वहिनीने बाही शिवली, बरगड्यांना पट्टा बांधला, आणि मग काय म्हणाली ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं. मी सहज उभा होतो.

"चौकात सायकलला वेगळी जागा होत असेल तर चालवा. तीन महिने देते. नाहीतर सायकल विकायची आणि बसने जायचं. ओकत गेलात तरी चालेल, पण घरी या."

वहिनीचे तीन महिने म्हणजे तीन महिने. दवाखान्यात ती मोठ्याने आकडे मोजते आणि तीन म्हटलं की डॉक्टर दात उपटतात.

काटकोन दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. चेहरा पडलेला, हात मात्र गठ्ठा ठोकण्यात गुंतलेले. नशीब असं की त्याच सुमाराला पालिकेच्या नियोजन खात्याने सूचना लावली होती. मोठा चौक नव्याने आखायचा आहे, कोणत्या वस्तीच्या बाजूने सायकलसाठी पट्टी लागेल ते लोकांनी फॉर्म भरून कळवावं. पैसे एकाच वस्तीपुरते होते. फॉर्मवर दोनच प्रश्न. घरातल्या किती प्रौढांपैकी किती जण सध्या सायकल वापरतात आणि आठवड्यातून किती वेळा. खाली सही.

मी एकशे बारा फॉर्म काढून दिले. मशीन गरम झालं तरी काढले, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे मला फारसं श्रेय मिळणार नाही. काटकोन दिवसभर कारखान्यात, म्हणून ठरलं असं की तो संध्याकाळी घरोघरी फॉर्म वाटेल आणि भरलेले लोक माझ्या दुकानात आणून देतील.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे सर. त्यांनी सायकल वापरणारे, या रकान्यात मोठं शून्य काढलं होतं. मी म्हटलं, "सर, सगळ्यांनी असं शून्य लिहिलं तर खातं म्हणेल, इथे सायकल चालवतंच कोण? पट्टी कशाला द्यायची?" सरांनी चष्मा पुसला. युक्तिवादात त्यांना खोट दिसेना. मलाही दिसली नव्हती, देवाशपथ. त्यांनी शून्य खोडलं आणि लिहिलं, दोन प्रौढ, रोज, दोन वेळा. सरांचा डावा गुडघा गेली सात वर्षं वाकत नाही.

मग हे पसरलं. मी पसरवलं असं म्हणता येणार नाही. मी फक्त आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. समोरच्या बेकरीवाल्याने घरातली सहाही माणसं रोज सायकलने जातात असं लिहिलं. त्यात त्याची सासू होती, जी खाटेवरून खिडकीपर्यंत जाते तेव्हा घरात टाळ्या वाजतात. मी तरी म्हटलं, सासूबाईंना वगळ. तो म्हणाला, मग त्यांना वाईट वाटेल. लोकांना काटकोनाबद्दल जिव्हाळाच तेवढा होता. प्रत्येकाच्या घरात त्याने फुकट शिवून दिलेली एखादी वही किंवा शब्दकोश होताच. माझ्या फॉर्मवरही मी लिहिलं, दोन प्रौढ, रोज. मी शेवटचा सायकलवर बसलो तेव्हा मला मिशा नव्हत्या.

काटकोनाने गठ्ठा नेला तेव्हा आकडे वाचले असतील असं मला वाटलं होतं. त्याने वाचले, पण त्याला ते खरे वाटले. ज्या माणसाने आयुष्यात कधी वाकडी रेघ मारली नाही, त्याला दुसऱ्याची वाकडी रेघ ओळखू येत नाही. त्याने बेरीज केली. एकशे बारा घरं, तीनशे प्रौढ, त्यात रोज सायकल चालवणारे दोनशे त्रेचाळीस. मग त्याने सगळे फॉर्म एकत्र शिवले, निळं कापड लावलं, पाठीवर सोनेरी अक्षरांत वस्तीचं नाव छापलं आणि ते पुस्तक खात्यात नेऊन दिलं. तिथल्या शिपायाने म्हणे ते दोन्ही हातांनी घेतलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आठवायला आवडत नाहीत. काटकोन सकाळी दहा मिनिटं लवकर निघायला लागला. कारण विचारलं तर म्हणाला, एवढे लोक रोज जातात आणि आपल्याला एकही दिसत नाही, म्हणजे आपली वेळ चुकत असणार. मग तो दहा मिनिटं उशिरा जाऊन बघायला लागला. मग त्याला वाटलं, लोक मागच्या गल्लीने जात असतील, म्हणून तो मागच्या गल्लीने गेला. कुणी लांबून सायकलवर दिसलं की घंटी वाजवायचा. एकदा असाच एकाच्या मागे पार रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला. तो निघाला दूधवाला, तोही दुसऱ्या वस्तीतला. रोज संध्याकाळी माझ्यापाशी थांबून विचारायचा, "आज तुम्ही कुठून गेलात?" मी म्हणायचो, आज जरा पाठ धरली होती. सांगून टाकावं असं मनात यायचं. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं की जीभ उचलायची नाही. अकरा वर्षं एकट्याने सायकल हाणल्यावर माणसाला अचानक कळतं की आपल्याला दोनशे बेचाळीस सोबती आहेत. आता हे कोण हिसकावून घेणार?

खात्याने हिसकावलं. पत्र आलं ते अभिनंदनाचं. आपल्या वस्तीत एक्क्याऐंशी टक्के प्रौढ रोज सायकल वापरतात ही इतरांना धडा घेण्याजोगी गोष्ट आहे. यावरून सध्याची व्यवस्था सायकलस्वारांना पुरेशी असल्याचं दिसतं. तेव्हा उपलब्ध निधी जिथे लोक रस्त्याच्या भीतीने सायकल वापरत नाहीत अशा वस्तीकडे वळवण्याचा विचार आहे. सोबत एक प्रशस्तिपत्रक. त्यावर हसणारी सायकल.

काटकोनाने पत्र माझ्या काउंटरवर ठेवलं, सरळ केलं, वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाला, "आपण जिंकलो की हरलो?" मी म्हटलं, चल, विचारून येऊ.

नियोजन खात्यातल्या मॅडम केसांत पेन खोचून बसल्या होत्या आणि दुसरं पेन शोधत होत्या. बोलायला अगदी सरळ. त्यांच्याही डोक्याचा भुगा झाला होता, कारण त्यांच्याकडे मागच्या वर्षीची मोजणी होती. आमच्या वस्तीकडून मोठ्या चौकात दिवसभरात आलेल्या-गेलेल्या सायकली, एकूण अकरा. काटकोन हळूच म्हणाला, त्यातल्या दोन मी. एक जाताना, एक येताना.

मॅडमनी निळं पुस्तक पुढे ओढलं. त्यांचं म्हणणं असं की पुस्तक खरं असेल तर पट्टीची गरज नाही, आणि खोटं असेल तर अर्ज बाद. मी म्हटलं, यातलं मधलं काही नसतं का? त्या म्हणाल्या, मधल्याचा रकाना नाही. पण माणूस भला. त्यांनी सांगितलं, काही चुकलं असेल तर दुरुस्त करून आणा, आणि पुढच्या मंगळवारी सकाळी आठ ते दहा मी स्वतः चौकात उभी राहून बघते.

खात्याच्या जिन्यात मी त्याला सगळं सांगितलं. सरांचं शून्य, बेकरीवाल्याची सासू, माझ्या मिशा. वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो पुस्तक छातीशी धरून पायरीवर बसला, बसमधून उतरल्यावर बसतो तसा.

"म्हणजे मी एकटाच होतो," तो म्हणाला.

"अरे, लोकांनी तुझ्यासाठीच केलं ते."

"हो, ते कळलं मला. पण मग आता त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट?"

मला माझंच ठरवता येत नव्हतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने पुस्तक उसवलं. वहिनीनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं मला, दारात उभी राहून, आणि पहिल्यांदाच मांजर हाकलण्याचा सूर नव्हता. म्हणाली, एकेक टाका असा कापत होते की मला उठून आत जावं लागलं. तुम्ही काय करून ठेवलंत भावजी. मी खाली मान घातली. मग ती म्हणाली, महिना राहिलाय फक्त. म्हणजे मुदत तिने वाढवलेली नव्हती.

सुटे फॉर्म घेऊन काटकोन पुन्हा घरोघरी गेला. प्रायश्चित्त म्हणून मी बरोबर. आणि आता जे झालं ते मी आजही कुणाला पटवून देऊ शकत नाही. एकही माणूस आकडा बदलायला तयार होईना. सर म्हणाले, मी पस्तीस वर्षं मुलांची चुकीची उत्तरं खोडली, आता या वयात सही करून सांगू की मी खोटं लिहिलं होतं? काटकोन म्हणाला, सर, पण ते खोटंच आहे. सर म्हणाले, आहे ना, म्हणून तर अवघड आहे. बेकरीवाला म्हणाला, सासूबाईंनी स्वतः सही केली आहे, त्यांना कोण सांगणार? एक जण तर उलट भडकला की तुम्ही मला खोटारडा म्हणता काय, मी सायकल चालवतो की नाही हे मला माहीत की तुम्हाला? काटकोन त्याची माफी मागून आला. कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नाही.

पण प्रत्येक दारात शेवटी एकच वाक्य ऐकू आलं. मंगळवारी येतो की चौकात. फॉर्म बदलायची लाज वाटत होती म्हणून लोक सायकल बाहेर काढायला तयार झाले. यात कुठली लाज मोठी आणि कुठली लहान, याचा हिशेब तुम्हीच करा.

सोमवारी संध्याकाळी आमच्या रस्त्यावर हवा भरायचे पंप असे चालत होते की वस्तीला दम लागला असावा. माळ्यांवरून, जिन्याखालून, गच्चीवरच्या ताडपत्र्यांखालून सायकली निघाल्या. एकीच्या चाकात पक्ष्याचं घरटं होतं. सरांनी नातीची सायकल काढली, पुढे टोपली असलेली. मी मेहुण्याची आणली. तिला ब्रेक नव्हते, पण मेहुणा म्हणाला, तुला काय वेग येणारे.

मंगळवारी आठ वाजता साधारण साठ-सत्तर माणसं निघाली. आमच्या रस्त्यावर झक्क चालली सगळी. कुणी डुगडुगत, कुणी एक पाय टेकत, सर सरळ ठेवलेल्या पायाने, पण चालली. बेकरीवाला चक्क हात सोडून चालवून दाखवत होता आणि बायको मागून त्याला शिव्या घालत होती. मला वाटलं, हरलो आपण. मॅडम बघतील की एवढी माणसं हसतखेळत येताहेत आणि पट्टी जाईल दुसरीकडे.

मग चौक आला. आणि सगळे उतरले.

कुणी ठरवलं नव्हतं. पहिला ट्रक वळताना दिसला आणि बेकरीवाल्याचे दोन्ही हात हँडलवर आले, मग दोन्ही पाय जमिनीवर. मागोमाग सगळेच उतरून सायकली हाताने ढकलत फुटपाथवर चढले. फुटपाथ केवढा? पायी चालणारे अडकले, सरांची टोपली एका बाईंच्या पिशवीत अडकली, कुणाचं पॅडल कुणाच्या नडगीला. मॅडम कोपऱ्यावर हातात मोजणीचं यंत्र घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा अंगठा हवेत तसाच होता. मला बघून म्हणाल्या, हे सायकलस्वार धरायचे की पादचारी? मी म्हटलं, मॅडम, मला स्वतःलाच माहीत नाही मी सध्या काय आहे.

तेवढ्यात वहिनी आली. दवाखान्यातून तासभराची सुटी काढून, अंगात तो फिकट हिरवा डगला तसाच. आणि त्याच वेळी आमच्या गर्दीच्या मागून काटकोन आला. त्याला कारखान्यात वेळेवर पोहोचायचं होतं. तो उतरला नाही. तो रोजच्यासारखा चौकात शिरला.

अकरा वर्षं मी त्याला जाताना-येताना बघत आलो, पण चौकात कधी बघितलं नव्हतं. वहिनीनेही नाही. तो मधोमध गेला, आणि तिथे रस्त्यावर रंगवलेला एक पांढरा त्रिकोण आहे, ताटाएवढा, त्यावर एक पाय टेकून थांबला. डावीकडून ट्रक गेला, उजवीकडून ट्रक गेला. दोन्हींच्या मधे हा, पाठ ताठ, कोपर अंगाशी, फळीवरच्या दोन जाडजूड पुस्तकांमधे एक पातळ पुस्तक उभं असावं तसा. घाबरलेला वगैरे काही दिसत नव्हता. त्याला बहुतेक वाटत होतं की चौक असाच ओलांडतात.

वहिनीचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही. ती मॅडमपाशी गेली आणि तिने बोट केलं.

"तिथे उभे आहेत ते माझे यजमान आहेत," ती म्हणाली. "रोज दोनदा. तुमच्या कागदावर त्यांचा रकाना कुठला, तेवढं मला दाखवा."

मॅडमनी कागदाकडे बघितलं, काटकोनाकडे बघितलं. आणखी एक ट्रक गेला, काटकोन पलीकडे पोहोचला आणि वळून न बघता गोदामांच्या रस्त्याला लागला. मॅडमनी केसांतलं पेन काढलं आणि कागदाच्या पाठीवर, जिथे रकाने नव्हते, तिथे उभ्या उभ्याच बराच वेळ लिहीत राहिल्या. मी मान लांब करून वाचायचा प्रयत्न केला. त्यांनी कागद छातीशी धरला.

तीन आठवड्यांनी निर्णय आला, म्हणजे वहिनीची मुदत संपायला सहा दिवस उरले असताना. फॉर्म ग्राह्य धरता येत नाहीत आणि अग्राह्यही ठरवता येत नाहीत. वस्तीत सायकली आहेत आणि चालवणारेही आहेत, मात्र चौकात त्या हाताने ढकलल्या जातात, सबब प्रायोगिक तत्त्वावर सायकलपट्टी मंजूर. सहा महिने. एका बाजूला.

आम्ही टाळ्याबिळ्या वाजवल्या. सरांनी पेढे नव्हे, पण निदान बेकरीवाल्याकडून बिस्किटं आणवली. एका बाजूला म्हणजे काय, हे नळ्या ठोकल्यावर कळलं. नारिंगी रंगाच्या, गुडघ्याएवढ्या नळ्या चौकातून ओळीने उभ्या केल्या, त्यांच्या आत सायकलची वाट, ट्रकला तिथे शिरताच येत नाही. पण फक्त जाणाऱ्या बाजूला. येणाऱ्या बाजूला चौक होता तसाच.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर खल झाला आणि मला बोलावून घेतलं गेलं, हे विशेष. वहिनीचं म्हणणं, शब्द म्हणजे शब्द. जागा आहे तिथे सायकल, जागा नाही तिथे बस. जाताना सायकल, येताना बस. काटकोन म्हणाला, चालेल. मग थोड्या वेळाने म्हणाला, अगं, पण दुसऱ्या दिवशी सायकल तिकडे आणि मी इकडे. ती म्हणाली, मग त्या दिवशी बसने जा. तो म्हणाला, म्हणजे एक दिवस सायकलने जायचं आणि दीड दिवस ओकायचं, आणि सायकल घरी यायची कशी? मी कागदावर मांडून बघितलं. मला तर तीन दिवसांनी दोन सायकली दिसायला लागल्या. शेवटी वहिनीने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, येताना चौकाअलीकडे उतरायचं आणि फुटपाथवरून चालत यायचं, मी सहाला सुटते, मी तिथे असेन. उतरलात की नाही ते माझ्या डोळ्यांनी बघेन.

तर आता असं चाललंय. सकाळी आमच्या बाजूने तीस-चाळीस सायकली जातात. खोटं नाही, मी दुकानाच्या दारात उभा राहून मोजतो. बेकरीवाल्याचा मुलगा-सून, दोन शिक्षिका, टपालवाला. मीसुद्धा आठवड्यातून दोनदा मेहुण्याची सायकल काढतो, ब्रेक बसवून घेतले. सरांनी डॉक्टरांना विचारून गुडघ्याला व्यायाम सुरू केलाय, म्हणजे करतो असं ते सांगतात, आणि सरांच्या आकड्यांवर मी हल्ली विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी मात्र हीच सगळी माणसं चौकातून पायी येतात, हँडल धरून, गुरं वळवल्यासारखी.

त्यांच्यात काटकोन आणि वहिनी असतात. चौकापासून घरापर्यंत चढाला वीस मिनिटं. ती बोलत असते, हा ऐकत असतो. कधी हा बोलतो आणि ती ऐकते, हे मी याआधी बघितलेलं नव्हतं. कॅरियरवर तिची पिशवी असते. चौक संपला की खरं तर त्याला सायकलवर बसायला मुभा आहे, तशी अट फक्त चौकापुरती. पण तो बसत नाही. तीही आठवण करून देत नाही.

परवा तो दुकानात आला. दुसऱ्या बाजूच्या पट्टीसाठी अर्ज करायची मुदत महिनाअखेर संपते, फॉर्म काढून द्या म्हणाला. मी मशीन चालू केलं. पहिला कागद बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा होता, आणि गंमत म्हणजे गठ्ठ्याला हात लावत नव्हता.

"ती म्हणाली, घाई काय आहे अर्जाची," तो म्हणाला. "पट्टी नाही म्हणून माझी सायकल विकायला निघाली होती ही. आता पट्टी नको म्हणते. म्हणजे मी काय समजायचं?"

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, बरं."

मशीन तोवर एकशे बारा काढायला निघालं होतं. मी त्याला विचारलं, थांबवू का? तेवढ्यात वहिनी दवाखान्यात जायला खाली उतरली, आम्हा दोघांकडे तिने एकदा बघितलं, आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाली, सहाला, विसरू नका. तो हो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, पाचच काढा, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. पाच फॉर्मांवर पट्टी मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. पाच कशाला आणि कुणासाठी, हे मी त्याला विचारलं नाही, आणि कागद अजून माझ्याकडेच पडून आहेत.